बिल कुणाच्या नावाने?

दुधातली युरियाची भेसळ ओळखणारी कागदी पट्टी आमच्या प्रयोगशाळेत तयार झाली, तेव्हा मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला होतो. पट्टी करणारी ताई माझ्या तीन वर्षे पुढे होती. पट्टी दुधात बुडवायची, थोडा वेळ थांबायचे, रंग पाहायचा. गावच्या संकलन केंद्रावर पहाटे कॅन मोजून घेणाऱ्या पोरालाही जमावे इतके सोपे काम. शोधनिबंध छापून आला, सरांनी पेढे वाटले. मग ताईने एका दूध संघातल्या साहेबांची वेळ घेतली आणि सोबतीला मला नेले.

साहेबांनी स्वतः पट्टी बुडवून पाहिली. त्यांना ती आवडली, हे चेहऱ्यावर दिसत होते. मग त्यांनी चार गोष्टी विचारल्या. महिन्याला दहा हजार पट्ट्या देऊ शकाल का? मे महिन्यात फ्रीजबाहेर किती दिवस टिकतील? एखाद्या पट्टीने चांगले दूध भेसळीचे ठरवले आणि शेतकरी भांडायला आला, तर जबाबदार कोण? आणि बिल कुणाच्या नावाने निघणार?

एसटीने परत येताना ताई फारशी बोलली नाही. पुढचे दोन-तीन महिने ती त्या चौथ्या प्रश्नामागे हिंडली. विद्यापीठाच्या लेखा विभागात तिला सांगण्यात आले, की वस्तू विकून आलेले पैसे जमा करून घ्यायला आपल्याकडे लेखाशीर्षच नाही. एका कारखान्याने सांगितले, वर्षभराच्या टिकाऊपणाच्या चाचण्या करून आणा, मग बघू. सरांच्या हाती तोवर दुसरे प्रकल्प आले होते. ताईची फेलोशिप संपली, घरी पैशांची निकड होती, तिने एका क्लासमध्ये बारावीची केमिस्ट्री शिकवायला घेतली. उरलेल्या पट्ट्यांचे डबे प्रयोगशाळेच्या लोखंडी कपाटात गेले.

विद्यापीठातला संशोधक उद्योजक का होतो, यावर हल्ली पुष्कळ बोलले जाते. परिसंवादांत दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. पहिले, पैसा. दुसरे, मानसिकता: आपल्या लोकांत धाडस कमी, ते शिबिरे-स्पर्धा घेऊन रुजवायला हवे. दोन्ही ऐकताना मला ती एसटी आठवते. ताईला पैशांचा मोह नव्हता आणि तिच्यात धाडसही कमी नव्हते. ती एका फाट्यावर उभी होती. आपले काम पलीकडे उचलून घेणारा कुणीच नाही, हे तिला कळले होते. अशा वेळी बहुतेक जण माघारी फिरतात आणि पुढच्या शोधनिबंधाला लागतात. काही थोड्यांना ते काम तिथेच सोडून देणे सहन होत नाही, आणि बिलावर ते स्वतःचे नाव घालतात. संशोधकाच्या उद्योजकतेची सुरुवात माझ्या मते इथे होते. तो बाजारात जातो तो घेणारा सापडला नाही म्हणून. धोरण आखणाऱ्यांनी हे नीट समजून घेतले नाही, तर स्पर्धा आणि पारितोषिके वाढत जातील आणि कपाटेही भरत जातील.

ही गोष्ट आजकालची नाही. १८९६ साली मुंबईत राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासले, हे आपल्याला माहीत असते. ते डांबर काही केल्या निघेना. अखेर ज्यांनी ते काढले ते प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, मुंबईच्या विल्सन कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक. (चापेकरांविषयी आदर असणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रसंग सांगताना थोडे जड जाते, पण त्या माणसाची रसायनावरची हुकमत मानावीच लागते.) गज्जर त्याआधी सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात होते. १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेचे ते पहिले प्रमुख. मुंबईत त्यांनी स्वतःची टेक्नो-केमिकल प्रयोगशाळा काढली. त्यांच्या तालमीतले कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी १९०७ मध्ये अलेंबिक केमिकल वर्क्स सुरू केली. त्या काळी रसायनशास्त्र शिकलेल्या मुलाने जायचे कुठे? गिरण्यांना लागणारे रंग जर्मनीहून येत, औषधे विलायतेहून. शिकवलेली विद्या वापरणारा कारखाना देशात जवळजवळ नव्हताच, म्हणून शिक्षकाला आणि शिष्यांना तो काढावा लागला.

त्याच सुमारास कलकत्त्यात प्रफुल्लचंद्र राय हेच करत होते. एडिंबरोची डीएस्सी घेऊन ते १८८८ मध्ये परतले, प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले आणि १८९२ मध्ये ९१, अप्पर सर्क्युलर रोड या राहत्या जागेत सातशे-आठशे रुपयांच्या भांडवलावर बेंगॉल केमिकल्सचा पाया घातला. खाटिकांकडून गुरांची हाडे आणायची, वाळवायची, जाळायची आणि त्यातून औषधी फॉस्फेट करायचे. गच्चीवर हाडे वाळत घातल्यावर कावळे जमू लागले आणि शेजारी तक्रारी करू लागले. कॉलेजातून परत आल्यावर हा प्राध्यापक आदल्या दिवशीच्या ऑर्डरी हातावेगळ्या करायला बसे. त्यांच्या मनात काय होते, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे: पदवी घेऊन कारकुनीच्या दारात ताटकळणारी बंगाली मुले त्यांना पाहवत नव्हती. १९०१ मध्ये त्या उद्योगाची रीतसर मर्यादित कंपनी झाली. राय मात्र निवृत्त होईपर्यंत वर्गात उभे राहिले. त्यांना शिकवणे आणि कारखाना यांतले एक निवडायला कुणी लावले नाही, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो; त्याकडे पुढे येतो.

स्वातंत्र्यानंतरचा काळ पाहिला तर उलट बाजूने हीच गोष्ट दिसते. १९५० मध्ये पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी औषध कंपनी आली. हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध पिंपरीतल्याच संशोधन विभागात सापडले. तिथल्या शास्त्रज्ञाला त्यासाठी कंपनी काढायची गरज नव्हती, कारण भिंतीपलीकडेच कारखाना होता. ऐंशीच्या दशकात पाषाणच्या प्रयोगशाळेने एन्सिलाइट हा झिओलाइट उत्प्रेरक, म्हणजे कारखान्यातली रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा पदार्थ, तयार केला. त्याच्या उत्पादनात एसीसी ही सिमेंट कंपनी सहभागी झाली आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीने तो बडोद्याच्या प्रकल्पात वापरला. घेणारा होता, त्याच्याकडे अभियंते होते, जोखीम उचलायची तयारी होती. संशोधक संशोधकच राहिला, आणि त्यात कमीपणा काहीच नव्हता.

माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, तर घेणाऱ्यांची रांगच असे. १९३३ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेच्या आजूबाजूला, पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात आणि डोंबिवलीत, रसायनांचे कारखाने उभे राहिले. अडले की कारखानदार प्राध्यापकांकडे येत. त्यामुळे प्राध्यापक सल्लागार राहिले आणि कारखाने त्यांच्या विद्यार्थ्यांनी काढले. घरडा केमिकल्स काढणारे केकी घरडा तिथलेच विद्यार्थी. अंजी रेड्डी तिथेच शिकले, पाषाणला पीएचडी केली आणि १९८४ मध्ये हैदराबादेत डॉ. रेड्डीज ही औषध कंपनी उभी केली. म्हणून कुठल्या विद्यापीठातून किती प्राध्यापकांनी कंपन्या काढल्या, हा आकडा गौरवाने सांगण्याआधी थोडे थांबावे असे मला वाटते. कधीकधी तो आकडा आजूबाजूच्या उद्योगांच्या अनास्थेचाही असतो. आपल्या देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या ०.६४ टक्के होता, आणि त्यातला मोठा वाटा सरकारचा. खासगी कारखान्याला तयार तंत्रज्ञान बाहेरून विकत घेणे सोयीचे वाटते. आयपीसीएल २००२ मध्ये रिलायन्सकडे गेली, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची पुढे काय अवस्था झाली, हे पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. भिंतीपलीकडचा घेणारा गेला, आणि मग शास्त्रज्ञांना उद्योजक होण्याची प्रवचने सुरू झाली.

अलीकडच्या काळातले ज्याच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो ते उदाहरण पवईचे आहे. आयआयटी मुंबईतले प्राध्यापक राहुल पुरवार हार्वर्डमधले संशोधन आटोपून २०१३ मध्ये इथे रुजू झाले. विषय होता कार-टी पेशींचा. रुग्णाच्याच रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी काढायच्या, त्यांत एक जनुक घालून कर्करोगाच्या पेशी ओळखायला शिकवायचे, त्या वाढवायच्या आणि पुन्हा त्याच रुग्णाला द्यायच्या. अमेरिकेत २०१७ मध्ये अशा पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली, तेव्हा त्याची किंमत ४,७५,००० डॉलर होती. त्या वेळच्या दराने तीन कोटी रुपये. आपल्याकडच्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णासाठी तो उपचार जणू अस्तित्वातच नव्हता.

आता हे काम प्रयोगशाळेत यशस्वी झाल्यावर कुणाला द्यायचे? गोळीचे सूत्र एखाद्या कंपनीला विकता येते. इथे प्रत्येक रुग्णाचे औषध वेगळे, प्रत्येक खेप एका माणसापुरती. जनुक पेशीत नेणारा विषाणू-वाहक कुणी बनवायचा, निर्जंतुक खोल्या कुणी बांधायच्या, पेशी रुग्णालयापर्यंत ठरल्या वेळेत आणि ठरल्या तापमानात कुणी पोचवायच्या, औषध नियंत्रकापुढे परवान्याचा अर्ज कुणी करायचा? हे सगळे हाती सोपवावे असा कारखाना तेव्हा देशात नव्हता, आणि आयआयटीचा जैवविज्ञान विभाग काही औषध उत्पादनाचा परवाना घेऊन बसू शकत नाही. २०१८ मध्ये इम्युनोॲक्ट ही कंपनी निघाली. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रात तिथल्या डॉक्टरांनी जून २०२१ मध्ये पहिल्या रुग्णाला या पेशी दिल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ ला औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते या उपचाराचे लोकार्पण झाले. किंमत सुमारे चाळीस लाखांच्या घरात आहे. लातूरच्या शेतकऱ्याला ती आजही परवडणारी नाही, हे मला ठाऊक आहे, आणि त्यावर आणखी काम व्हायलाच हवे. पण तीन कोटींपासून चाळीस लाखांपर्यंतचे अंतर एका विद्यापीठीय प्रयोगशाळेने कापले आहे.

या गोष्टीत 'धाडसी प्राध्यापक' एवढेच पाहिले तर अर्धे सुटते. पहिल्या मानवी चाचण्यांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि बायरॅक या त्याच्याच संस्थेने सुमारे १९ कोटी रुपये दिले. तासाभराच्या अंतरावर रुग्णालय होते. पवईत २००४ पासून साइन हे नवउद्योगांना आधार देणारे केंद्र होते. ज्यांच्याशी बोलता येईल असे, आधी या वाटेने गेलेले लोक त्याच आवारात होते. ताईकडे यांतले काही नव्हते. तिच्यात आणि त्या प्राध्यापकांत फरक असेलच. पण त्यांच्या आजूबाजूला जे होते त्यातला फरक कितीतरी मोठा आहे.

परदेशांतल्या अभ्यासांतूनही साधारण हेच दिसते. ब्रिटनमधल्या ॲलिस लॅम यांनी तिथल्या पाच मोठ्या विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांचा अभ्यास करून २०११ मध्ये लिहिले, की त्यांना व्यापारीकरणाकडे नेणाऱ्या प्रेरणा सोने, सन्मान आणि कोडे अशा तीन प्रकारच्या असतात. सोन्यासाठी जाणारे थोडे निघाले. बहुतेकांना आपले नाव आणि आपले संशोधन पुढे न्यायचे होते, किंवा ते कोडे त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. अमेरिकेत बर्कोविट्झ आणि फेल्डमन यांनी ड्यूक आणि जॉन्स हॉपकिन्स या विद्यापीठांच्या वैद्यकीय विद्यालयांतले संशोधक अभ्यासले, तेव्हा असे आढळले की विभागप्रमुख स्वतः या वाटेने गेलेला असेल आणि बरोबरीचे लोक जात असतील तर माणूस जातो, नाहीतर बिचकतो. आपल्याकडे बंगळुरूत २००० साली स्ट्रँड ही जनुकीय माहितीचे संगणकावर विश्लेषण करणारी कंपनी निघाली ती भारतीय विज्ञान संस्थेतल्या चार प्राध्यापकांनी मिळून काढली, ही गोष्ट मला या संदर्भात बोलकी वाटते. पहिल्यांदा उंबरठा ओलांडताना चौघे असलेले बरे.

माझ्या म्हणण्याला छेद देणारा एक पुरावा आहे, आणि तो भक्कम आहे. नॉर्वेत २००३ पर्यंत प्राध्यापकाच्या शोधाची पूर्ण मालकी प्राध्यापकाची असे. मग कायदा बदलला आणि उत्पन्नाचा दोन-तृतीयांश वाटा विद्यापीठाकडे गेला. विद्यापीठे शोधांच्या व्यापाराची काळजी घेतील आणि कंपन्या वाढतील, अशी अपेक्षा होती. विडे आणि जोन्स या अर्थतज्ज्ञांनी २०१८ मध्ये दाखवून दिले, की विद्यापीठीय संशोधकांच्या नव्या कंपन्या आणि पेटंटे, दोन्ही जवळपास निम्म्यावर आली. म्हणजे पैसा महत्त्वाचा नाही, असे कसे म्हणायचे?

मी तसे म्हणत नाही. घर चालवायला पैसा लागतो, आणि दहा वर्षांची मेहनत कुणी दुसऱ्याने खावी असे कुणालाच वाटत नाही. पण नॉर्वेच्या आकड्यांत मला पैशाबरोबर आणखी एक गोष्ट दिसते. मालकी गेली की निर्णयही जातो. शोध कुणाला द्यायचा, कधी द्यायचा, कुठल्या अटीवर, हे ठरवण्याचा अधिकार ज्याला त्या शोधाची नस ठाऊक आहे त्याच्याकडून कार्यालयाकडे जातो. काटालिन कारिको यांचे उदाहरण घ्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांची १९९५ मध्ये पदावनती केली. ड्र्यू वाइसमन यांच्याबरोबर त्यांनी एमआरएनएवर, म्हणजे पेशीला कोणते प्रथिन बनवायचे ते सांगणाऱ्या रेणूवर, केलेल्या कामातून दोघांनी एक छोटी कंपनीही काढली होती. पण विद्यापीठाने पेटंटांचा परवाना दुसऱ्याच कंपनीला दिला, आणि यांची कंपनी विझून गेली. २०१३ मध्ये त्या जर्मनीत बायोएनटेकला गेल्या. कोविडची लस त्याच शोधावर उभी राहिली आणि २०२३ चे नोबेल दोघांना मिळाले. आपल्याच शोधाला उंबऱ्याबाहेर नेण्याचा अधिकार आपल्याला नसावा, हे दुःख वाट्यातल्या टक्क्यांत मोजता येत नाही.

कागदावर आपले नियम आता बरेच उदार आहेत. सरकारी प्रयोगशाळांतल्या शास्त्रज्ञांना नोकरीत राहून आपल्या शोधावरच्या कंपनीत भागीदारी घेण्याची मुभा २००९ मध्ये मिळाली. २०१९ च्या राष्ट्रीय नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरणाने उच्च शिक्षण संस्थांतल्या शिक्षकांना रजा घेऊन कंपनी काढण्याची सोय सुचवली आणि संस्थेने आपल्या सोयीसुविधांच्या बदल्यात २ ते ९.५ टक्के भाग घ्यावा, असे म्हटले. नॉर्वेशी तुलना केली तर हे फारच सौम्य आहे. पण राज्यातल्या एखाद्या जिल्हा ठिकाणच्या विद्यापीठात जाऊन विचारा, की ही रजा आजवर किती जणांनी मागितली. ज्या विभागात मंजूर पदांपैकी निम्मी रिकामी आहेत, तिथे एक जण वर्षभर गेला तर एमएस्सीचा पेपर शिकवणार कोण? विभागप्रमुख फाइल पुढे पाठवत नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही पाठवली नसती.

तिथे रसायनशास्त्र शिकवणारे कित्येक जण तासिका तत्त्वावर आहेत. नेट-सेट झालेले, पीएचडी झालेले, चाळिशीकडे झुकलेले. वर्षातले काही महिनेच मानधन, तेही थकलेले. यांच्यापैकी कुणी माती परीक्षणाची प्रयोगशाळा टाकतो, कुणी जैविक खतांचे युनिट काढतो, कुणी फिनेल आणि हँडवॉश बनवून विकतो. त्यांच्या कष्टांना माझा सलाम आहे. पण हे आकडे 'पीएचडीधारकांचे स्टार्टअप' म्हणून अहवालात टाकले जातात, तेव्हा मला राग येतो. तो माणूस पदभरती थांबल्यामुळे बाहेर पडलेला आहे. त्याने ज्या विषयात पाच-सहा वर्षे घालवली, त्याचा त्या फिनेलशी काही संबंध नाही. समाजाने त्याच्या शिक्षणावर खर्च केला आणि मग त्याला वाऱ्यावर सोडले. यशोगाथा म्हणून त्याचा फोटो छापण्याआधी त्याची जागा का भरली नाही, याचे उत्तर द्यावे.

याच विद्यापीठांत दुसरीकडे पेटंटांचा पूर आला आहे. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंटच्या शुल्कात ८० टक्के सवलत आहे, ती चांगलीच गोष्ट. पण पदोन्नतीच्या गुणांत पेटंट धरले जाते, संस्थेच्या क्रमवारीतही धरले जाते. परिणामी अर्ज नुसता प्रसिद्ध झाला तरी 'पेटंट मिळाले' म्हणून हारतुरे होतात. पैसे मोजून सातव्या-आठव्या क्रमांकावर आपले नाव घालून घेण्याची सोय करणारे दलाल निघाले आहेत. यातल्या बहुतेक कागदांना कधीच कुणी 'बिल कुणाच्या नावाने' असे विचारणार नाही. ती वस्तू बनावी ही इच्छाच त्यामागे नसते. गुणांसाठी केलेले पेटंट आणि काळजीपोटी काढलेली कंपनी, या दोन गोष्टी एकाच मथळ्याखाली मोजल्या की खऱ्या संशोधकाची किंमत कमी होते.

विद्यापीठात कंपन्या येऊच नयेत, असे मानणारे माझे काही मित्र आहेत आणि त्यांची भीती पोकळ नाही. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन खासगी नफ्याचे साधन होईल, शोध लपवले जातील, अभ्यासक्रम बाजाराकडे पाहून ठरतील, असे ते म्हणतात. माझी स्वतःची सर्वांत मोठी काळजी विद्यार्थ्यांची आहे. गाइडची कंपनी असेल आणि पीएचडीचा विद्यार्थी दिवसभर तिथल्याच मालाच्या चाचण्या करत असेल, तर त्याचा प्रबंध कुणी पाहायचा? तो नाही कसा म्हणणार? ज्याच्या सहीवर त्याची फेलोशिप, प्रबंध आणि शिफारसपत्र अवलंबून आहे, त्याच्यासमोर नाही म्हणायला विलक्षण हिंमत लागते. म्हणून गाइडच्या कंपनीत हितसंबंध असतील तर विद्यार्थ्याला दुसरा, बाहेरचा सहमार्गदर्शक सक्तीने असावा, कंपनीच्या कामाचा वेगळा पगार असावा आणि प्रबंधातले निष्कर्ष छापण्यावर कंपनीची आडकाठी नसावी, एवढे नियम तरी विद्यापीठांनी आजच करावेत. मात्र या भीतीपोटी दारच बंद केले असते, तर कार-टीचा उपचार आजही तीन कोटींचाच राहिला असता, हेही माझ्या मित्रांनी लक्षात घ्यावे.

मग काय करावे? माझ्या मते शिबिरांआधी पहिल्या ग्राहकाचा विचार करावा. भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी बंगळुरूच्या एका कंपनीतल्या सहकाऱ्यांबरोबर सिम्प्यूटर नावाचा हातात मावणारा स्वस्त संगणक केला होता. स्मार्टफोनचे युग यायच्या कितीतरी आधी, निरक्षर माणसालाही चित्रांवर बोट ठेवून वापरता यावा म्हणून. गावागावांत तो जाईल असे वाटत होते. विकले गेले काही हजारच. ज्या सरकारी खात्यांसाठी तो कल्पिला होता, त्यांच्याकडून मोठी मागणी आली नाही. कौतुक जगभर झाले, खरेदी झाली नाही. सरकारी खरेदीत आधीच्या उलाढालीची आणि अनुभवाची अट घालून नव्यांना बाहेर ठेवायचे आणि दुसऱ्या दालनात त्यांनाच नवोन्मेषाचे प्रमाणपत्र द्यायचे, हे थांबायला हवे. आमच्या दूध संघाच्या साहेबांना 'एक वर्ष एका तालुक्यात वापरून पाहा, नुकसान झाले तर शासन सोसेल' एवढे कुणी सांगितले असते, तर त्यांनी पट्टी घेतली असती. त्यांना ती हवी होती.

आणि परतीची वाट. प्रफुल्लचंद्र रायांनी कारखाना काढला आणि शिकवणेही चालू ठेवले. आजच्या संशोधकाला मात्र कंपनी बुडाली तर आपण ना इकडचे ना तिकडचे होऊ, अशी धास्ती असते. मध्यमवर्गीय घरातून आलेल्या, त्या घरात पहिल्यांदाच पीएचडी झालेल्या मुलीला ही धास्ती किती मोठी असते, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी तिला धाडस शिकवू नये. दोन वर्षांची रजा, त्या काळात तिच्या जागी पूर्णवेळ भरलेला माणूस, आणि परत आल्यावर सेवाज्येष्ठता शाबूत, एवढे लेखी मिळाले तर कितीतरी जण निघतील.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेष योजनेला मंजुरी दिली. निधी एक लाख कोटींचा. तंत्रज्ञान किती तयार झाले आहे ते एक ते नऊ अशा पायऱ्यांनी मोजतात, आणि ही योजना चौथ्या पायरीपासून पुढच्या कामांसाठी आहे, त्यातही मुख्यतः कंपन्यांना दीर्घ मुदतीची कर्जे आणि भांडवल देण्यासाठी. त्याखालच्या पायऱ्यांसाठी बायरॅकची ५० लाखांपर्यंतचे अनुदान देणारी बिग योजना आहे आणि ती खरोखर चांगली आहे. पाषाणच्या प्रयोगशाळेच्या आवारातले व्हेंचर सेंटर २००७ पासून अशा कितीतरी जणांच्या पाठीशी उभे आहे. पण बिगसाठीची स्पर्धा देशभराची आहे, तिथवर पोचायलाही हातात काहीतरी टिकाऊ असावे लागते, आणि नांदेड, जळगाव किंवा गडचिरोलीच्या प्रयोगशाळेपासून पाषाण फार लांब आहे.

ताईची पट्टी त्या मोजणीत तिसऱ्या-चौथ्या पायरीच्या मध्ये कुठेतरी होती. एक वर्षाचे विद्यावेतन, टिकाऊपणाच्या चाचण्या, पट्ट्या कापायचे एक साधे यंत्र आणि बिलबुक छापायला विद्यापीठाचा एक ठराव. मी परवा पुन्हा एकदा हिशेब मांडून पाहिला. आजच्या किमतींनीही ते आठ-नऊ लाखांत बसते.